आवाज फाटला पाहिजे, पण हळू

मांडवात लाउडस्पीकरवाला 'हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री' करून जातो, निवेदक बोलायला उभा राहतो आणि मागच्या रांगेतून एखादे आजोबा ओरडतात, "अहो, आवाज फाटतोय!" लाउडस्पीकरवाला निमूटपणे मशीनपाशी जाऊन एक बटण जरासं मागे घेतो. फाटलेला आवाज म्हणजे कामात कसूर, हे त्या मांडवात सगळ्यांना मान्य असतं. त्याच मांडवापासून दोन गल्ल्या सोडून एक संगणक अभियंता बेडरूमचं दार लावून बसलेला असतो. त्याच्यापुढे लाखभर रुपयांचं यंत्र असतं, आणि आवाज किती, कसा आणि कुठल्या साली फाटत होता तसा फाटावा, याची जुळवाजुळव तो रात्री दोनपर्यंत करत असतो. हा माझा मित्र. त्याला मांडवातला तो लाउडस्पीकरवाला मनापासून आवडतो. "काय नैसर्गिक क्रंच होता रे त्याचा," असं तो लग्नाहून परतताना म्हणाला होता. नवरानवरीबद्दल त्याने काही म्हटल्याचं आठवत नाही.

इलेक्ट्रिक गिटार हे वाद्य खरं तर मुकं. पोकळ पेटी नाही, त्यामुळे नुसती तार छेडली तर शेजारच्या खुर्चीवरच्या माणसालाही धड ऐकू येत नाही. तारेखालचा पिकअप एक क्षीण सिग्नल देतो, तो अँप्लिफायरने मोठा करायचा. सुरुवातीच्या अँपवर त्यासाठी एकच नॉब असे : व्हॉल्यूम. अँप बनवणाऱ्यांची धडपड अशी की, आवाज मोठा व्हावा पण स्वच्छ राहावा. ती धडपड एका मर्यादेपर्यंतच चाले. अँपमधल्या व्हॉल्व्हला, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या काचेच्या नळीला, झेपेल त्याहून मोठा सिग्नल दिला, की तो लाटेचे माथे आणि तळ छाटून टाकतो. छाटलेल्या लाटेत मुळात नसलेले वरचे सूर उगवतात, आणि गोड गिटार गुरगुरायला लागते. अभियंत्यांच्या लेखी ही चूक होती. विशीतल्या पोरांना ती चूक इतकी आवडली की मूळ यंत्र बाजूला राहिलं आणि चुकीचीच मागणी वाढली.

सुरुवातीला तर ही मागणी पुरी करायला हत्यारं लागत. लिंक रे नावाच्या अमेरिकन गिटारवाल्याने 1958 च्या 'रंबल'साठी अँपच्या स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीने भोकं पाडली. 1964 मध्ये लंडनला किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या लहानशा अँपच्या स्पीकरवर दाढीचं पातं चालवलं. पोराने घरातला रेडिओ असा कापला असता तर आपल्याकडे काय झालं असतं, ते लिहायची गरज नाही. तिकडे त्या कापलेल्या स्पीकरचं गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं.

गंमत अशी की या सगळ्या प्रकरणातले दोन मोठे कारखानदार गिटारवादक नव्हतेच. लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नसे. जिम मार्शल हे ड्रम वाजवायचे, शिकवायचे आणि लंडनच्या हॅनवेल भागात ड्रमचं दुकान चालवायचे. दुकानात ड्रमवाले येत, त्यांच्यामागून त्यांचे गिटारवाले मित्र येत आणि आम्हाला हवा तसा अँप मिळत नाही म्हणून कुरकुरत. मार्शल यांनी दुकानातल्या दुरुस्तीवाल्यांना हाताशी धरून फेंडरच्या बासमन अँपच्या धर्तीवर 1962 मध्ये स्वतःचा अँप बांधायला घेतला. ज्यांना गिटार वाजवता येत होती त्यांच्याकडून हे काम का झालं नाही, याचं माझं उत्तर सरळ आहे. ते नॉब फिरवत बसले असणार.

पुढे 'द हू'च्या पीट टाउनशेंडला आणखी मोठा आवाज हवा झाला. मग शंभर वॉटचा अँप आला. त्याच्या जोडीला टाउनशेंडने एकाच खोक्यात आठ स्पीकर मागितले. ते खोकं उचलताना सामान वाहणाऱ्यांच्या पाठीचं वाटोळं व्हायला लागलं, तेव्हा त्याचे चार-चार स्पीकरचे दोन भाग करून एकावर एक ठेवण्याचा तोडगा निघाला. रॉक संगीताच्या मंचावर मागे जी काळी भिंत दिसते, तिचा पाया असा हमालांच्या तक्रारीत आहे. त्या शंभर वॉटच्या गाजलेल्या अँपचं नाव '1959'. तो 1959 सालचा नाही, त्यानंतर सहा वर्षांनी आला. 1959 हा नुसता मॉडेल नंबर. यावरून नवशिके आणि जाणते यांच्यात जे वाद होतात ते होऊ देत. आपल्याला महत्त्वाचं एवढंच की या अँपवर मास्टर व्हॉल्यूम नावाची वस्तूच नव्हती. आवाज फाटायला हवा तर व्हॉल्यूम चढवायचा, आणि चढवला की खिडक्यांची तावदानं वाजायची. फाटणं आणि मोठं होणं एकाच नॉबला बांधलेलं. मैदानात चालून गेलं. घरात कोण चालू देणार?

ही गाठ सुटली ती दोन ठिकाणी. अमेरिकेत रँडल स्मिथ नावाचा अँप दुरुस्त करणारा होता. साठचं दशक संपता संपता त्याने एका गिटारवाल्याची थट्टा करायची म्हणून त्याच्या चिमुकल्या फेंडर प्रिन्स्टनच्या पोटात मोठ्या अँपचा ऐवज बसवला. कार्लोस सांतानाने तो वाजवून पाहिला आणि हा चिमुकला तर भलताच 'बूगी' करतो अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला. स्मिथच्या धंद्याला नाव मिळालं. पुढे त्याने सिग्नल मोठा करणारा आणखी एक टप्पा आत घातला आणि टप्प्याटप्प्यांवर वेगळे नॉब दिले. तिकडे मार्शल यांच्या कारखान्यातून 1975 मध्ये मास्टर व्हॉल्यूम असलेलं मॉडेल आलं. 1981 पासून त्याचंच नव्या रूपात जेसीएम 800 झालं. जेसीएम ही जिम मार्शल यांची आद्याक्षरं आणि 800 हा त्यांच्या मोटारीचा नंबर. आवडीच्या नंबरासाठी आरटीओत पैसे भरणाऱ्या आपल्या लोकांना या नावाचं मर्म समजावून सांगावं लागत नाही.

आता दोन नॉब झाले. गेन आणि मास्टर. हे जन्मभर गिटार वाजवूनही काहींच्या डोक्यात शिरत नाही, आणि ज्यांच्या शिरतं ते दुसऱ्यांना समजावत सुटतात. मीही सुटतो. गेन म्हणजे रश्शात तिखट किती घातलं ते. मास्टर म्हणजे ताटात किती वाढायचं ते. ताटात कमी वाढला म्हणून तांबडा रस्सा सौम्य होत नाही, आणि पातेलंभर वाढली म्हणून कढी झणझणीत होत नाही. इतकं सोपं. पण गिटारवाला ताटात कमी पडलं की पातेल्यात तिखट टाकतो. आवाज ऐकू येत नाहीये? वाढव गेन. आवाज जाड वाटत नाहीये? वाढव गेन. सोलोत मजा येत नाहीये, बोटं अडखळतायत, घरी भांडण झालंय, वाढव गेन. गेनमध्ये एक मोठा दिलासा असतो. फाटलेल्या आवाजात हलकी-जोराची छेड सगळी सारखी दाबली जाते, सूर लांबतो आणि अडखळणं त्या करकरीत बुडून जातं. स्वच्छ आवाजात मात्र एकेक बोट उघडं पडतं. म्हणून माणूस जितका घाबरट तितका त्याचा गेन वर, असा माझा अनुभव आहे. ज्यांच्या दणदणाटाची जगभर नक्कल होते त्या एसी/डीसीच्या माल्कम यंगचा गेन ऐकणाऱ्यांना वाटतो त्यापेक्षा खूप कमी असे. अँप मोठा, हात भक्कम, तिखट बेताचं. नक्कल करणारा मात्र पहिल्या झटक्यात गेन आठवर नेतो आणि हे तसं का वाटत नाही म्हणून नवा अँप शोधायला लागतो.

दोन नॉब आले तसे दोन पंथही आले. एका पंथाचं म्हणणं, मास्टर खाली ठेवून नुसत्या गेनने फाडलेला आवाज म्हणजे मधमाश्या डबीत कोंडल्यासारखा. खरा आवाज मागचे मोठे व्हॉल्व्ह घामाघूम झाल्यावरच येतो. त्यासाठी मास्टर वर हवा, स्पीकर हलला हवा, पँटचे पाय फडफडले हवेत. दुसऱ्या पंथाचं म्हणणं, असेलही तसं, पण आम्ही भाड्याने राहतो. पहिल्या पंथाच्या बाजूला पदार्थविज्ञान आहे. पुढच्या छोट्या व्हॉल्व्हचं फाटणं वेगळं आणि मागच्या पॉवर व्हॉल्व्हचं, ट्रान्सफॉर्मरचं, स्पीकरच्या कागदाचं वाकणं वेगळं, हे खरंच आहे. दुसऱ्या पंथाच्या बाजूला खालच्या मजल्यावरच्या काकू आहेत. काकूंपुढे पदार्थविज्ञान टिकत नाही.

काकूंचा आणि मास्टर व्हॉल्यूमचा संबंध जवळचा आहे. मोठ्या व्हॉल्व्ह अँपचा मास्टर शून्यापासून दहापर्यंत फिरतो, पण घरी राहणाऱ्या माणसाचं सगळं आयुष्य शून्य आणि सव्वाच्या मधे जातं. एकला काहीच नाही. एक आणि केसभर पुढे काहीतरी कुजबुज. सव्वाला इंटरकॉम वाजतो. त्या केसभर जागेत बोटाचं पेर धरून नॉब हलवताना मी मित्राला पाहिलं आहे. घड्याळजी घड्याळाचा काटा असा हलवत नसेल. दहापर्यंतचे बाकीचे आकडे कशासाठी दिलेत हे त्याला कळत नाही, पण ते आहेत याचा अभिमान मात्र आहे. शंभर मजली इमारतीत तळमजल्यावर राहणारा माणूसही पत्ता सांगताना इमारतीची उंची सांगतोच.

मग कुणीतरी सल्ला देतो, शंभर वॉटचा काढ, पन्नासचा घे. सल्ला ऐकून माणूस तोटा सोसून अँप बदलतो आणि नवा अँप काकूंना तितकाच ऐकू जातो. वॉट निम्मे केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने उतरतो. कानाला आवाज निम्मा वाटायचा तर वॉट दहाव्या हिश्श्यावर आणावे लागतात, म्हणजे शंभरचा दहा केला तेव्हा कुठे काकू म्हणणार की जरा बरं वाटतंय. याहून वाईट बातमी पुढेच आहे. गिटारचा चांगला स्पीकर एका वॉटवर मीटरभर अंतरावरून शंभर डेसिबलच्या आसपास आवाज देतो. एका वॉटवर! आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. शंभरावरून पंचेचाळीसवर उतरायचं तर एका वॉटचा सुमारे तीन लाखावा हिस्सा पुरे. शंभर वॉटचा अँप घेऊन तो कायद्यात बसवणं म्हणजे काय, याचा हिशेब ज्याला हौस असेल त्याने मांडावा. कायदा मोठ्या मंचालाही आडवा आला. मुंबईत रॉकवाल्यांचं पंढरपूर होतं धोबीतलावचं रंगभवन. 1986 पासून तिथे 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक महोत्सव गाजायचा. शेजारी इस्पितळं आणि महाविद्यालय. परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि तिथली गुरगुर थांबली. इस्पितळातल्या रोग्याच्या बाजूने पाहिलं तर निर्णयात खोट काढता येत नाही. आमच्या मित्रमंडळींनी काढलीच, पण हळू आवाजात.

नॉबवरच्या आकड्यांचंच बोलायचं तर ते कुणी गंभीरपणे घेऊ नयेत. 'धिस इज स्पायनल टॅप' या 1984 च्या विनोदी चित्रपटात एक गिटारवाला आपल्या अँपचे नॉब दहाऐवजी अकरापर्यंत जातात, म्हणून तो इतरांपेक्षा एकने मोठा, असं मोठ्या भक्तिभावाने सांगतो. चित्रपट थट्टेचा होता. काही वर्षांनी मार्शल कंपनीने वीसपर्यंत आकडे असलेला खराखुरा अँप बाजारात आणला आणि त्याच्या जाहिरातीत त्याच पात्राला उभं केलं. थट्टेतून माल काढणं याला म्हणतात. वीसवरचा आवाज दहावरच्या दुप्पट नसतो हे ग्राहकांना माहीत नव्हतं असं नाही. पण आकडा तो आकडा.

काकूंच्या त्रासावरचा दुसरा तोडगा अभियंत्याच्या डोक्याचा. बॉस्टन या बँडचा टॉम शोल्त्झ एमआयटीतून शिकलेला आणि पोलरॉइड कंपनीत नोकरी केलेला माणूस. 1980 च्या सुमारास त्याने पॉवर सोक नावाचं यंत्र विकायला काढलं. अँप आणि स्पीकर यांच्यामध्ये हे बसवायचं. अँप खुशाल दहावर लावायचा, व्हॉल्व्ह मनसोक्त घामाघूम करायचे, आणि स्पीकरकडे निघालेली बहुतेक वीज वाटेतच अडवून तिची उष्णता करून टाकायची. म्हणजे शंभर वॉट विकत घ्यायचे आणि त्यातले नव्व्याण्णव फेकायला वेगळे पैसे मोजायचे. हे वाचून हसणाऱ्यांनी आपल्या मोटारीचा कमाल वेग किती आणि लक्ष्मी रोडवर आपण किती वेगाने जातो, हे आठवावं. ही यंत्रं आजही खपतात. थंडीत पाय शेकायलाही बरी पडतात.

आणि मग आले मॉडेलर. 1998 मध्ये लाइन सिक्सने पॉड नावाचं लालभडक, राजम्याच्या आकाराचं खोकं काढलं. त्याच्या पोटात व्हॉल्व्ह नाही, स्पीकर नाही. नामांकित अँपांचं वागणं गणिताने उभं केलेलं. गिटार लावा, हेडफोन घाला, कळ फिरवा, 1965 चं लंडन तुमच्या कानात. पुढे अँपचं प्रोफाइल काढून ठेवणारं केम्पर आलं, पायाने दाबायचं हेलिक्स आलं, टचस्क्रीनचं क्वाड कॉर्टेक्स आलं. काकूंचा प्रश्न एका रात्रीत मिटला. अँप दहावर आहे, तावदानं शाबूत आहेत, इंटरकॉम गप्प आहे. पन्नास वर्षं ज्याच्यासाठी खटाटोप चालला होता ते हातात आलं.

हातात आल्यावर माणूस काय करतो? नॉब मोजतो. माझ्या मित्राच्या यंत्रात गिटारचा आवाज आत शिरल्यापासून कानापर्यंत पोचेतो वाटेत किती ठिकाणी कमी-जास्त करता येतो, हे त्याने मला एकदा कौतुकाने दाखवलं. आत येताना इनपुट लेव्हल. मग पेडलचा ड्राइव्ह आणि पेडलची लेव्हल. मग अँपचा ड्राइव्ह, अँपचा मास्टर, अँपचा चॅनेल व्हॉल्यूम. मग स्पीकरच्या खोक्याची लेव्हल, मग प्रत्येक इफेक्टची, मग सगळ्यांची मिळून शेवटची, आणि सर्वांत शेवटी यंत्राच्या कपाळावरचा एक खराखुरा, धातूचा व्हॉल्यूम. एकत्र कुटुंबात एक पत्र जसं सगळ्यांनी उघडून वाचल्यावर धाकट्या सुनेच्या हातात पडायचं... जाऊ दे, उपमा आवरतो. मुद्दा असा की यातल्या मधल्या 'मास्टर'ने आवाज मोठा-लहान करायचाच नसतो. करतो तोही, पण त्याचं खरं काम वेगळं. मॉडेलरच्या आत मास्टर म्हणजे ते काल्पनिक मागचे व्हॉल्व्ह किती राबवायचे ते. वर नेला की आवाज दाट, गुबगुबीत, जरा आळसावलेला होतो, आणखी नेला की खालचे सूर थबथबतात. नुसती पातळी बदलायची तर त्यासाठी चॅनेल व्हॉल्यूम, तो रंगाला हात लावत नाही. एवढं एक कळलं तर अर्ध्या तक्रारी मिटतात, पण माहितीपुस्तिका वाचायची आपल्याकडे पद्धत नाही.

यातला सर्वांत लोभस प्रकार मला '1959' च्या मॉडेलमध्ये आढळला. मूळ अँपवर मास्टर नव्हता हे वर सांगितलंच. मॉडेलमध्ये मात्र आहे. नसलेल्या अँपवरचा नसलेला नॉब. मूळ अँपसारखं वागायला हवं तर तो पार दहावर ठेवायचा, म्हणजे तो नसल्यासारखाच. मित्र तो साडेसहावर ठेवतो. "पूर्ण दहाला फारच ओरिजिनल वाटतं," असं त्याचं म्हणणं.

या यंत्रावर रात्री बायकोला बोलावून तो परीक्षा घेतो. अर्थात त्याची नव्हे, तिच्या कानांची.

"आता ऐक. आणि आता ऐक. काय फरक वाटला?"

"मघासारखंच आहे."

"गेन पाच पॉइंट पाचवरून पाच पॉइंट तीनला आणलाय!"

"अच्छा. मग बरंच झालं की."

त्याच आठवड्यात तिला एक शोध लागला. ज्या पेडलचा ड्राइव्ह तो अर्धा तास एकेक दशांशाने हलवत होता आणि 'आता जरा मऊ झालं, आता धार आली' असं पुटपुटत होता, तो पेडल पडद्यावर फिका दिसत होता. फिका म्हणजे बंद, हे तिला माहीत होतं. तिने सांगितलं नाही. संसार टिकतात ते असे.

रात्री दोनला हेडफोनमध्ये उत्कृष्ट वाटणारा आवाज प्रत्यक्ष वाजवताना का रुसतो, याचंही कारण जुनं आहे. फ्लेचर आणि मन्सन या बेल प्रयोगशाळेतल्या दोघांनी 1933 मध्ये दाखवून दिलं की हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे खर्जाचे आणि वरचे तीक्ष्ण सूर कमी ऐकू येतात, मधले बरे येतात. म्हणून बेडरूममध्ये माणूस खर्ज वाढवतो, धार वाढवतो, मधले सूर मात्र काढून टाकतो, कारण ते आपसूकच पुरेसे वाटतात. वर दिलाशापुरता गेन. आवाज कसा भव्य होतो! मोठ्या मंदिरात उभं राहिल्यासारखं वाटतं. तोच प्रीसेट रविवारी बँडसोबत मोठ्या आवाजात लावला की खर्ज बास गिटारच्या अंगावर जाऊन पडतो, धार झांजांमध्ये विरून जाते, आणि गिटार ज्या मधल्या पट्ट्यात राहते तिथे कुणीच नसतं, कारण तो पट्टा याने स्वतःच्या हाताने रिकामा केलेला असतो.

हे पाहायचं असेल तर तासावर भाड्याने मिळणाऱ्या जॅमपॅडमध्ये एक संध्याकाळ बसावं. खोलीला आतून कार्पेट ठोकलेलं, एसीचा वास, कोपऱ्यात थकलेले अँप. पहिली दहा मिनिटं सगळे सभ्य. मग गिटारवाल्याला स्वतःचं ऐकू येत नाही. तो गेन वाढवतो. गेनने तो मोठा होत नाही, नुसता गढूळ होतो, कारण आवाज आधीच इतका दाबलेला असतो की वर जायला वावच उरत नाही. गढूळ झाल्यामुळे त्याला आणखी ऐकू येत नाही. मग तो मास्टर वाढवतो. मग बासवाला वाढवतो. ड्रमवाल्याकडे नॉब नसतो, तो काठ्या उलट्या धरतो. गायिका माइकवाल्याकडे पाहून बोट वर करते, माइकवाला वाढवतो, माइक शिट्टी मारतो. पुढची पाच मिनिटं शिट्टी कुणामुळे यावर जातात. जागावाटपाच्या बैठकांची बातमी वाचताना मला ही खोली आठवते.

तेवढ्यात सोलो येतो. गिटारवाला डोळे मिटतो आणि बूस्टचा पेडल पायाने दाबतो. आता सगळ्यांच्या डोक्यावरून जायचं. पण बूस्ट अँपच्या पुढे, म्हणजे गिटार आणि गेन यांच्या मधे लावलेला असतो, आणि गेन आधीच आठवर. काठोकाठ भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतलं तर... पुन्हा उपमा. सांगायचं ते असं की तिथे बूस्ट दिला तर आवाज जास्त फाटतो, मोठा होत नाही. मोठा व्हायचा तर बूस्ट फाटण्याच्या जागेनंतर, इफेक्ट्स लूपमध्ये लावावा लागतो. मॉडेलरवाल्याला तर अँपच्या पुढे-मागे ब्लॉक सरकवणं बोटाच्या एका फटकाऱ्याचं काम. म्हणून तो ते करत नाही. त्याला वाटतं, आपली गिटार जुनी झाली. चेहऱ्यावर वेदना आणि कानावर काहीच नाही, असा तो सोलो आपण पाहतो. हो, पाहतोच. ऐकायचं काही नसतं.

कार्यक्रमाच्या ठिकाणी तर साउंडवाल्याशी गाठ पडते. हा शांत, जाडसर आणि कुणाचंही ऐकून न घेणारा गृहस्थ असतो.

"अँपचा मास्टर जरा खाली घ्या, सर."

"पण टोन जाईल हो."

"गेन खाली घ्या मग."

"गेन घेतला तर टोनच राहत नाही."

"बरं. मी बघतो," म्हणून तो आपल्या टेबलावरची गिटारची खुंटी खाली ओढतो. समोर बसलेल्या दोनशे लोकांना त्या रात्री गिटार साउंडवाल्याला वाटेल तेवढीच ऐकू येते. मंचावर गिटारवाल्याच्या पँटचे पाय फडफडत असतात, तो तृप्त असतो. दोघेही आपापल्या जागी खूश. असे सुखाचे तह मी फार थोडे पाहिलेत.

इतकं होऊनही एका नॉबकडे कुणाचं लक्ष जात नाही, तो म्हणजे गिटारवरचाच. जवळपास प्रत्येक इलेक्ट्रिक गिटारवर व्हॉल्यूमचा नॉब असतो, काहींवर तर थेट करंगळीपाशी. जेफ बेक सबंध सोलोभर करंगळी त्यावर ठेवून तो हलवत असे. अँप चढवून ठेवायचा, गिटारचा नॉब निम्म्यावर आणला की आवाज निवळतो, पूर्ण केला की गुरगुरतो, मधे असंख्य पायऱ्या. हा सगळ्या साखळीतला पहिला आणि फुकट मिळालेला गेन. कंपनीतून आली तेव्हापासून बहुतेकांच्या गिटारवर तो दहावर असतो आणि त्यावर धूळ असते.

परवा मी मित्राला हे सांगितलं. त्याने मनापासून ऐकलं. गिटार मांडीवर घेतली, नॉब हळूहळू सहावर आणला, एक कॉर्ड वाजवली, डोळे मोठे केले, आणखी एक वाजवली. "अरे, हे तर भारी आहे," म्हणाला. बायकोनेही आतून डोकं बाहेर काढून विचारलं की आज काय वाजवतोयस, छान वाटतंय. मग तो थांबला.

"पण खाली आणला की वरची धार थोडी जातेय. जातेय ना?"

जात होती. तशी ती जातेच.

"म्हणजे ट्रेबल ब्लीड बसवावा लागेल. एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर. पॉट पण बदलून घेऊ या हातासरशी. हंबकर आहेत म्हणजे पाचशे किलोओम. पण स्ट्रॅटला अडीचशे. एकाच गिटारवर दोन्ही असले तर काय घालतात रे? आणि कपॅसिटर कुठला घ्यायचा, सिरॅमिक की पॉलिस्टर?"

तो उठून सोल्डरिंगची कांडी शोधायला गेला. नॉब त्याने जाताना दहावर नेऊन ठेवला होता.